अकरा पॉलिसी आणि एक मनगट

माझा नवरा हाडांचा सर्जन आहे. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात आणि त्यातलं प्रत्येक कुठून निघतं, कुठे जातं, कशाने मोडतं, हे तो झोपेतही सांगेल. आपल्या कमाईतून दर महिन्याला काय निघतं आणि कुठे जातं, हे मात्र वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत त्याला ठाऊक नव्हतं. वर त्याचा त्याला अभिमान होता. चारचौघांत कुणी पैशाचा विषय काढला की तो हात झटकून म्हणायचा, "मी डॉक्टर आहे बाबा, दुकानदार नाही." ऐकणारे कौतुकाने माना डोलवायचे. पैशातलं काही न कळणं हा आपल्याकडे मोठेपणाचा दागिना समजतात. तोच माणूस स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे ते माहीत नाही म्हणाला असता तर हसले असते.

माझी गोष्ट तर त्याहून लाजिरवाणी. मी शाळेत गणित शिकवते. एकोणीस वर्षं आठवीच्या वर्गाला चक्रवाढ व्याज शिकवत आले आहे. फळ्यावर सूत्र लिहायचं, चौकट करायची, उदाहरणं सोडवून घ्यायची आणि घंटा झाली की हातावरचा खडू झटकून घरी यायचं. त्या सूत्राचा आपल्या घराशी काही संबंध असेल, असं मला एकदाही वाटलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या पगारातून घरखर्च चालायचा. मोठी रक्कम म्हणजे नवऱ्याची, आणि नवऱ्याच्या पैशाचा कारभार म्हणजे त्याचा मित्र.

हा मित्र त्याच्या वसतिगृहातला. दर वर्षी तो एक जाडजूड कॅलेंडर आणून द्यायचा आणि त्यावर त्याच्या फोटोखाली छापलेलं असायचं : आपला हितचिंतक. म्हणून घरात त्याचं नावच हितचिंतक पडलं. तो विमा विकायचा, पण 'विकतो' असं कधी म्हणायचा नाही. 'तुमच्यासाठी एक चांगलं काढून ठेवलंय' म्हणायचा, जसा भाजीवाला ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी ताजी जुडी बाजूला ठेवतो. वर्षअखेर जवळ आली की तो ओपीडीत जायचा, दोन पेशंटांच्या मधल्या तीन मिनिटांत फॉर्म पुढे सरकवायचा आणि नवरा जिथे जिथे पेन्सिलीची फुली असेल तिथे तिथे सही करायचा. पेशंटच्या ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही घेताना हाच नवरा नातेवाइकांना दटावतो, "वाचल्याशिवाय सही करू नका!"

मग एका रविवारी सकाळी त्याने घराबाहेरची आपली नावाची पाटी सरळ करायला स्टूल घेतलं. पाटीवर पदव्यांची शेपटी इतकी लांब की वजनाने ती एका बाजूला कललेली. स्टूलही कललं. नवरा पडताना उजव्या हातावर पडला आणि बसल्या बसल्याच म्हणाला, "गेलं. मनगट गेलं. सांध्यातून गेलंय." एक्स-रेच्या आधी त्याला निदान ठाऊक होतं. विषय हाडांचा होता ना.

त्याच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने ऑपरेशन करून प्लेट बसवली आणि खाली मान घालून सांगितलं, "सर, सहा-सात महिने तरी तुम्ही थिएटरमध्ये नाही."

आठवडाभर घरात फुलं आणि फळं येत राहिली. नवव्या दिवशी बँकेचा मेसेज आला : खात्यात पुरेशी रक्कम नाही. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता परत गेला होता.

मला आधी वाटलं, बँकेचीच चूक. इतकं कमावणाऱ्या माणसाच्या खात्यात पैसे नसतील कसे? नवऱ्यालाही तेच वाटलं. त्याने डाव्या हाताने बँकेच्या मॅनेजरला फोन लावून झापलं. मॅनेजरने शांतपणे आकडा सांगितला. नवऱ्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू एक्स-रेत त्याला स्वतःचं नाव लिहिलेलं दिसलं.

मी कपाटातली फाईल काढून जेवणाच्या टेबलावर उपडी केली. संध्याकाळपर्यंत कागदांची वर्गवारी झाली. एक फ्लॅट, एकोणिसाव्या मजल्यावर, तीन वर्षांपूर्वी घेतलेला, रिकामा. भाड्याने का दिला नाही, तर म्हणे भाडेकरू भिंती खराब करतात. त्याचं कर्ज. गाडीचं कर्ज. दवाखान्यातल्या मशीनचं कर्ज. आणि विम्याच्या पॉलिसी, अकरा. त्यांचा वर्षाचा हप्ता चौदा लाख. अकरांपैकी तीन आमच्या मुलीच्या आयुष्यावर काढलेल्या. मुलगी नऊ वर्षांची. तिच्या कमाईवर आमचं घर चालतं, अशी हितचिंतकाची समजूत असावी.

"ह्यातली कुठली पॉलिसी तुझा हात मोडला तर पैसे देते?" मी विचारलं.

"एखादी असेलच की."

"वाच आणि सांग."

त्याने एक उचलली, दोन मिनिटं चाळली आणि खाली ठेवली. परदेशातल्या नियतकालिकांतले तीस-तीस पानी लेख वाचून काढणारा माणूस! "भाषा फार किचकट आहे," म्हणाला. मी अकराही वाचल्या. भाषा किचकट नव्हती, कंटाळवाणी होती. दोन्हींत फरक आहे, आणि त्या फरकावर कित्येकांची घरं चालतात. हाताबद्दल कुठेच काही नव्हतं. माणूस मेला तर पैसे, नाहीतर वीस वर्षांनी पैसे. मधल्या काळात त्याने धडधाकट राहावं, एवढीच अपेक्षा.

दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरच्या सिस्टर भेटायला आल्या. बावीस वर्षं त्या नवऱ्याच्या शेजारी उभं राहून त्याच्या हातात हत्यारं देत आल्या आहेत. ठेंगणी, काटक बाई, बोलणं मोजकं. त्यांचा पगार म्हणजे नवऱ्याच्या कमाईचा पंधरावा हिस्साही नसेल. त्यांनी टेबलावरचे कागद पाहिले, पण चौकशी केली नाही. सरळ नवऱ्याला म्हणाल्या, "सर, अपघाताचं कव्हर नाही ना तुमच्याकडे? काम थांबलं की दर आठवड्याला पैसे देतात ते?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी सहा वर्षांपूर्वी बोलले होते. माझं काढलं तेव्हा. म्हटलं, सर, आपलं पोट हातावर आहे, हाताचा विमा काढून ठेवा, स्वस्त असतो. तुम्ही म्हणालात, 'सिस्टर, तुम्ही क्लॅम्प द्या.'"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. सिस्टर चहा संपवून उठल्या आणि दाराशी चपला घालताना हळूच मला म्हणाल्या, "बाई, हप्त्यांना कमी पडत असतील तर सांगा. चार-पाच लाख मी लगेच देऊ शकते. मोडायला लागणार नाही काही, बाजूलाच ठेवलेत. अडीअडचणीचे म्हणून."

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. ज्या बाईला आम्ही वर्षातून एकदा पाकिटात बक्षीस घालून द्यायचो आणि आपण किती दिलदार म्हणून स्वतःवर खूश व्हायचो, ती आमच्याच दारात उभी राहून आम्हाला कर्ज देऊ करत होती. तेही आम्हाला ओशाळवाणं वाटू नये म्हणून आवाज खाली आणून. मी पैसे घेतले नाहीत. पण शनिवारी शाळा सुटल्यावर सिस्टरांच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर होतं, स्वतःचं, फेडून झालेलं. शेजारची एक खोली भाड्याने दिलेली. टेबलावर रेघांची वही. "मी काही हुशार नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "नवरा गेला तेव्हा दिराने एका कागदावर सही मागितली. मी म्हटलं, आधी वाचते. तो चिडला. तेव्हा कळलं की वाचण्यात काहीतरी ताकद आहे. तेव्हापासून वाचल्याशिवाय एक सही नाही. पगार झाला की आधी बाजूला टाकायचे, मग उरलेल्यात भागवायचं. विमा तो विमा, बचत ती बचत. दोन्ही एका भांड्यात शिजवले की दोन्ही कच्चे राहतात. एवढंच."

एवढंच! आमच्या घरात मिळून सात पदव्या होत्या आणि एवढं एक वाक्य नव्हतं.

सोमवारी मी आठवीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण घातलं. एक माणूस दर वर्षी एक लाख भरतो, वीस वर्षं. शेवटी त्याला बत्तीस लाख मिळतात. तेच पैसे त्याने बँकेत साध्या ठेवीत साडेसहा टक्क्यांनी, चक्रवाढीने ठेवले असते, तर किती झाले असते? मुलांनी कॅल्क्युलेटर काढले. वीस मिनिटांत उत्तर आलं : एकेचाळीस लाख आणि वर काही हजार.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, हा माणूस मूर्ख होता का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगला शिकलेला होता."

"मग त्याने हे गणित का नाही केलं?"

"घरात गणित येणारं कुणीतरी होतं," मी म्हटलं. "त्या बाईनेही नाही केलं." वर्ग हसला. मीही हसले.

त्या आठवड्यात मी हितचिंतकाला घरी बोलावलं. तो आला तो नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकूनच. "काळजी करू नकोस. मी आहे ना!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, ऐकलं ते खरं का? तुम्ही पॉलिसी बंद करताय? अहो, हातची लक्ष्मी अशी लाथाडू नये."

मी त्याच्यापुढे कागद ठेवला. "हे सव्वाचार टक्के पडतात. साध्या ठेवीपेक्षा कमी. बरोबर आहे का ते तपासा."

त्याने कागदाला हातही लावला नाही. "वहिनी, तुम्ही व्याज बघता. मी सुरक्षितता बघतो. ह्या गोष्टी अशा त्रैराशिकाने मोजायच्या नसतात. ह्याच्यात भावना आहेत."

"भावनांचं राहू द्या. ह्यांचा हात मोडलाय. सुरक्षितता म्हणून काय मिळणार?"

"हात म्हणजे... तसं नाही ना ते. आता समजा, देव न करो, डॉक्टर गेले असते, तर तुम्हाला चांगली दीड कोटीच्या आसपास—"

"पण ते गेले नाहीत. हे काय, समोर बसून चहा पिताहेत."

"हो ना, तीच तर अडचण आहे!" तो म्हणाला.

नवऱ्याने कप खाली ठेवला. तीस वर्षांची मैत्री त्या एका वाक्याने उघडी पडली. त्यातही त्या बिचाऱ्याला वाईट बोलल्याचं कळलंच नाही. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने तो खरं तेच बोलला होता.

"पहिल्या वर्षाच्या हप्त्यातून तुला किती मिळतात रे?" नवऱ्याने विचारलं. अकरा पॉलिसींत पहिल्यांदाच.

"आता आपल्यात काय असला हिशेब करायचा..."

"सांग ना. मी ऑपरेशनचे किती घेतो ते मी तुला सांगितलं होतं. तुझ्या आईच्या खुब्याच्या वेळी घेतले नव्हते, तेही सांगितलं होतं."

हितचिंतकाला एकाएकी दुसरी भेट आठवली. दाराजवळ तो मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही मैत्रीत गणित आणलंत." असल्या माणसांच्या मैत्रीत गणित आधीपासूनच असतं. फक्त ते एकाच बाजूला येत असतं.

पुढचे दोन महिने मी शाळेतून सुटून विमा कंपनीच्या कचेरीत रांग धरायची. सात पॉलिसी मोडल्या, मुलीच्या तिन्ही त्यातच. भरले होते त्यापेक्षा नऊ लाख कमी आले. दोनचे पुढचे हप्ते बंद करून त्या तशाच ठेवल्या. दोन संपायला आल्या होत्या, त्या चालू ठेवल्या. आलेल्या पैशातून आधी गाडीचं कर्ज फेडलं, कारण त्याचं व्याज सगळ्यांत जास्त. हा क्रम सिस्टरनी सांगितला. मी फक्त आकडे घातले.

फ्लॅटवरून मात्र घरात जुंपली. "विकायचा नाही," नवरा म्हणाला. "लोक काय म्हणतील? हात मोडला आणि घर विकायला काढलं!"

"आपण तिथे तीन वर्षांत चार वेळा गेलो. चारही वेळा नळ गळतो का ते बघायला. त्याला तू घर म्हणतोस?"

"ती गुंतवणूक आहे."

"गुंतवणूक काहीतरी मिळवून देते. हा फ्लॅट दर महिन्याला आपल्याकडून घेतो. असल्या गोष्टीला मराठीत खर्च म्हणतात."

"तुला नव्याने अक्कल आली म्हणून मला शिकवू नकोस!"

"मला आली ती जुनीच होती," मी म्हटलं. "वापरायची राहून गेली होती."

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मशीनच्या कर्जासाठी बँकेचा माणूस थेट दवाखान्यात आला आणि बाहेरच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून राहिला. नवऱ्याने त्या दिवशी घरी येऊन एवढंच म्हटलं, "विकून टाक."

गिऱ्हाईक मिळालं, घेतला होता जवळपास तेवढ्याच किमतीला. तीन वर्षांचं व्याज पाण्यात. नोंदणीच्या कचेरीत गर्दी होती, पंखा करकरत होता. कारकुनाने कागद पुढे केला. नवऱ्याने उजव्या हातात पेन धरायचा प्रयत्न केला, मनगट वळेना. डाव्या हाताने केलेली सही जुन्या सहीशी जुळेना. कारकुनाने दोन वेळा पाहिली आणि मान न उचलता, रोज शंभरांना म्हणत असेल तशा आवाजात म्हटलं, "सही जमत नसेल तर अंगठा लावा."

शाईचं पॅड पुढे आलं. माझ्या नवऱ्याचे कान लाल झाले. मागे रांगेत एक म्हातारा उभा होता, तो समजुतीने म्हणाला, "लावा हो. लाजायचं काय त्यात? मीही अंगठाबहाद्दरच आहे."

मला वाटलं होतं, मला हसू येईल. इतके महिने आतल्या आत मी त्याला काय काय म्हणत होते! पण त्याचा तो डावा अंगठा पॅडच्या वर नुसता थांबलेला पाहून मला हसता आलं नाही. त्याने अंगठा मागे घेतला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आधी वाचून दाखव. सगळं."

"इथे?" कारकून वैतागला. "अहो, मागे रांग आहे."

"असू दे," नवरा म्हणाला. "वाच गं."

मी वाचलं. नऊ पानं. सातव्या पानावर देखभाल-खर्चाची जुनी बाकी आमच्याच माथी मारलेली निघाली. बोलणं झालं होतं त्याच्या उलट. ते खोडून दुरुस्त करून घेतलं. म्हातारा रांगेत शांतपणे ऐकत होता. मग अंगठा लागला.

हाताचं म्हणाल तर नवव्या महिन्यात नवरा पुन्हा थिएटरमध्ये उभा राहिला. मनगट पूर्वीसारखं वळत नाही. मोठी, तासन्‌तासांची ऑपरेशनं तो आता त्या विद्यार्थ्याकडे पाठवतो. कमाई निम्म्यावर आली, आणि गंमत अशी की महिन्याच्या शेवटी शिल्लक मात्र आधीपेक्षा जास्त दिसायला लागली. मशीनचं कर्ज तेवढं उरलंय. अपघाताचा विमा काढला, आयुष्याचा साधा विमा काढला, सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला. बाकीचं दर महिन्याला, न चुकता, कंटाळवाण्या पद्धतीने वाढतंय.

माणूस बदलला का? आता ऐका. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या संघटनेने व्याख्यान ठेवलं : 'डॉक्टर आणि आर्थिक साक्षरता'. व्याख्याता कोण, तर माझा नवरा. मी आणि सिस्टर तिसऱ्या रांगेत. नवऱ्याने टाय लावला होता. पडद्यावर माझ्या अक्षरातले तक्ते टाइप होऊन झळकत होते. "मी वेळीच लक्ष घातलं," तो सांगत होता. "मी एकेक पॉलिसी स्वतः वाचून काढली. मित्रांनो, विमा तो विमा, बचत ती बचत. दोन्ही एका भांड्यात शिजवले की दोन्ही कच्चे राहतात."

टाळ्या पडल्या. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या पदराने तोंड झाकून हसत होत्या. खांदे गदगदत होते.

"तुमचं वाक्य आहे ते," मी कुजबुजले. "उभ्या राहून सांगू का?"

"राहू द्या हो बाई," त्या म्हणाल्या. "पाठ तरी झालं."

व्याख्यानानंतर चहाच्या टेबलाशी एक नवी डॉक्टरीण माझ्या शेजारी आली. कानाची डॉक्टर, लग्नाला वर्ष झालेलं. तिने सहज विचारलं, मी काय करते. शाळेत गणित शिकवते, म्हटलं.

"बापरे! मला गणिताची फार भीती," ती लाडिक हसली. "पैशाचं सगळं आमच्याकडे दादा बघतात, नवऱ्याचे मोठे भाऊ. मी नुसती सही करते."

माझ्या मान डोलवण्याची ती वाट बघत होती. मी कप खाली ठेवला.

"कशावर?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"सही कशावर करतेस?"

हॉलच्या दुसऱ्या टोकाला माझा नवरा चार जणांच्या घोळक्यात डावा हात उंचावून चक्रवाढ व्याज समजावून सांगत होता आणि चुकीचं सांगत होता. मी तिला पत्ता लिहून दिला. म्हटलं, रविवारी चार वाजता ये. कागद सगळे आण आणि दादांना सोबत आणू नकोस.